स्कॉटिश पॉरिज: ओटची भरड, पाणी आणि मीठ. तुम्ही कसं करता, कसं खाता?

मीनल_ए

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या ॲबर्डीनला आहोत. इथे येईपर्यंत माझ्यासाठी पॉरिज म्हणजे पाकिटातले चपटे ओट्स, दूध, साखर, वरून केळं आणि बदामाचे काप. शेजारी एक आजी राहतात. ॲबर्डीनशरच्या शेतकरी घरात वाढलेल्या, सत्तरी कधीच ओलांडलेली. त्यांच्याकडे पॉरिज शिजताना पाहिलं आणि माझी सगळी समजूतच बदलली. ओटची जाडसर भरड, पाणी आणि मीठ, बास. दूध नाही, साखर नाही. ढवळायला पळी नाही, चमचा नाही, तर एक गुळगुळीत लाकडी दांडकं. खायला बसल्यावर समोर दोन वाडगे, एकात वाफाळतं पॉरिज आणि दुसऱ्यात थंडगार क्रीम. चमच्यात पॉरिज घ्यायचं, तो चमचा क्रीममध्ये बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. गरम आणि गार एकाच घासात. मला ही चव अतिशय आवडली.

आजी बोलतात कमी आणि प्रमाण सगळं अंदाजाने. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. भरड कोणत्या जाडीची घ्यावी? रात्री भिजवायची का? मीठ कधी घालायचं? आणि दूध घालून शिजवलेलं चालतं, की त्याला इथली जुनी माणसं पॉरिज म्हणतच नाहीत? जे स्कॉटलंडमध्ये राहतात किंवा राहून गेलेत त्यांनी सविस्तर लिहा.

खलबत्ता

वाचतेय. साखर न घालता हे माझ्या पोरांच्या गळी कसं उतरवायचं तेही कोणीतरी लिहा :)

हरणटोळ

मीनलताई, तुमच्या आजी करतात तीच मूळ रीत. मी एडिंबरात बरीच वर्षं आहे आणि थंडीत रोज हेच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भरडीबद्दल. ओटचं टरफल काढलं की आत जो अखंड दाणा राहतो त्याचे पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकडे केले की ते पिनहेड. जात्यावर दळलं की जाड, मध्यम, बारीक अशा प्रती मिळतात. रोजच्या पॉरिजला मध्यम भरड सगळ्यात बरी. पिनहेड घेतलं तर रात्रभर भिजवावं लागतं आणि सकाळी अर्धा तास तरी शिजवावं लागतं. काहीजण मध्यम भरडीत मूठभर पिनहेड मिसळतात, म्हणजे दाताखाली काहीतरी येतं. बारीक पीठ ओटच्या भाकऱ्यांना, म्हणजे ओटकेकना.

माणशी एक मोठा कप पाणी, एक मूठ भरड (तोलून पाहिली तर ३५ ग्रॅमच्या आसपास) आणि चिमूटभर मीठ. पाण्याला खळखळून आधण येऊ द्यायचं. मग डाव्या हातात भरड घेऊन ती बोटांच्या फटीतून पावसासारखी सारखी वैरायची आणि त्याच वेळी उजव्या हाताने ढवळत राहायचं. सगळी कला इथेच आहे. एकदम ओतलीत की गुठळ्या होणार. पुन्हा उकळी आली की आच मंद करायची, झाकण ठेवायचं, अधूनमधून ढवळायचं. वीस ते तीस मिनिटं. मीठ साधारण दहा मिनिटांनी, दाणे फुगायला लागल्यावर.

त्या दांडक्याचं नाव स्पर्टल. ईशान्येकडे, म्हणजे तुमच्याच भागात, जुनी माणसं त्याला थीव्हल म्हणतात. त्याला पळीसारखं पातं नसतं ते मुद्दाम. सरळ गोल काठी असल्याने पीठ तिला चिकटून बसत नाही, ती तळाशी कडेपर्यंत पोचते आणि गुठळी तयार व्हायच्या आतच फुटते.

दुधाचं म्हणाल तर जुन्या रीतीत दूध भांड्यात जातच नाही, ते वेगळ्या वाडग्यात. याला कारण आहे. दूध तळाला लागतं, ओटची स्वतःची चव दबते आणि गरम-गार ही मजाच जाते.

चकलीचा_सोऱ्या

हरणटोळ, मीठ आधी घातलं तर नेमकं काय बिघडतं?

हरणटोळ

जुन्या बायकांचं म्हणणं, मीठ आधी पडलं तर दाणा टणक राहतो, नीट फुगत नाही. स्कॉटिश स्वयंपाकावरच्या जुन्या पुस्तकांतही तसंच लिहिलेलं असतं. मी नंतरच घालते.

अण्णा_सांगलीकर

इथे मी असहमत. ऐंशीच्या दशकात मी ग्लासगोला शिकायला होतो. आमच्या घरमालकीणबाई मीठ सरळ आधणात टाकायच्या आणि त्यांच्यासारखं मऊ पॉरिज मी नंतर कुठे खाल्लं नाही. एवढ्या पाण्यात चिमूटभर मिठाने दाणा टणक होईल हे मला पटत नाही. उलट मीठ आधी गेलं की ते दाण्याच्या पोटात शिरतं. शेवटी घातलेलं नुसतं वरवर लागतं. मात्र एका गोष्टीत त्या कडक होत्या, मीठ नसलेलं पॉरिज त्यांच्या टेबलावर कधी येत नसे. साखर मागणाऱ्या पोरांना त्या साखर द्यायच्या, पण देताना चेहरा पाहण्यासारखा असायचा.

ढवळायचं कसं हे राहिलं. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, उजव्या हाताने. उलट ढवळलं तर सैतान येतो अशी समजूत. बाई सैतानाला मानत नव्हत्या, पण उलटं ढवळताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

रानजाई

सूर्य फिरतो त्या दिशेने फिरणं शुभ, ही स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गेल लोकांची फार जुनी धारणा. आपली प्रदक्षिणाही त्याच दिशेने असते. नवी होडी पाण्यात घातली की तीही आधी सूर्याच्या दिशेने वळवायची. पॉरिज त्यातलंच.

सायली_डोंबिवली

माझ्याकडे नेहमीचे चपटे ओट्स आहेत. त्यांचं मीठ-पाण्यातलं पॉरिज होईल ना? की ते चालणारच नाही?

टेकडी

होईल की. आज स्कॉटलंडमधल्या बहुतेक घरांत सकाळच्या घाईत चपटेच ओट्स शिजतात. ज्या डब्यावर घागरा घातलेला, गोळाफेक करणारा धिप्पाड गडी असतो ते स्कॉट्स पोरेज ओट्सही चपटेच. ही कंपनी १८८० मध्ये ग्लासगोत सुरू झाली, नंतर तिचं काम फाइफमधल्या कूपरजवळ गेलं.

पण ही चपटी तऱ्हा मूळची स्कॉटिश नव्हे, ती अमेरिकेतून आली. क्वेकरचं चिन्ह तिथे १८७७ मध्ये नोंदलं गेलं. दाणे वाफवून रुळांखाली दाबले की ते पाच मिनिटांत शिजतात, ही सोय मोठीच. फक्त पोत बदलतो. चपट्यांचं सगळं मिळून गुळगुळीत लगदा होतं, भरडीच्या पॉरिजमध्ये कण शेवटपर्यंत कळतो.

दुसरा फरक चवीचा. तो भट्टीमुळे. ओटमध्ये इतर धान्यांच्या मानाने चरबी बरीच, सात टक्क्यांच्या आसपास. शिवाय दाण्यातच असं द्रव्य असतं की दाणा फोडला की ते त्या चरबीवर काम करायला लागतं आणि पीठ कडवट, खवट होतं. म्हणून दळायच्या आधी उष्णता द्यावीच लागते. कारखान्यात वाफ देतात. जुन्या गिरण्यांत भोकं पाडलेल्या लोखंडी पत्र्यांच्या जमिनीवर ओट पसरून खालून ऊब द्यायचे आणि फावड्याने उलथत राहायचे. त्या भाजण्याने जो खरपूस वास येतो तो वाफवलेल्या ओट्सना कधीच येत नाही. भट्टीत भाजलेली, जात्यावर दळलेली भरड मिळाली तर नक्की घ्या आणि पाकीट उघडून आधी वास घ्या.

सायली_डोंबिवली

धन्यवाद टेकडी! उद्याच करते, मीठ घालून.

भाऊ_राहुरीकर

मी हा धागा वेगळ्याच कारणाने उघडला. आमच्याकडे ओट म्हणजे गाईंचा चारा. रब्बीत केंट नाहीतर राहुरी विद्यापीठाचं फुले हरिता पेरतो आणि फुलोऱ्यात येताना कापून गोठ्यात टाकतो. गाई एवढ्या आवडीने खातात की बास. माणसं हे सकाळी रांधून खातात हे टीव्हीवरच्या जाहिरातीत पाहिलं होतं, पण त्यावर एक अख्खा देश जगला हे आज वाचतोय. चांगली माहिती येतेय, लिहीत राहा.

रानजाई

भाऊ, तुमच्या गाईंवरून जॉन्सन आठवलाच! सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ चा. त्यात ओटचा अर्थ त्याने असा दिला की हे धान्य इंग्लंडमध्ये साधारणपणे घोड्यांना घालतात, पण स्कॉटलंडमध्ये त्यावर माणसं पोसली जातात. यावर लॉर्ड एलिबँक या स्कॉटिश सरदाराचं उत्तर सांगतात, की खरंच आहे, पण असे घोडे आणि अशी माणसं दुसरीकडे कुठे सापडतील?

आणखी गंमत म्हणजे कोशाच्या कामाला जॉन्सनने जे सहा लेखनिक ठेवले होते त्यातले पाच स्कॉटिश होते. त्याचं चरित्र लिहून त्याला अजरामर करणारा बॉस्वेलही स्कॉटिशच.

खलबत्ता

म्हणजे कोशसुद्धा पॉरिज खाऊनच तयार झाला :)

जुनी_वही

भाऊंनी 'अख्खा देश जगला' असं लिहिलंय ते शब्दशः खरं आहे. माझा हा आवडीचा विषय, म्हणून थोडं लांबेल.

स्कॉटलंडचा उन्हाळा थंड आणि ओला, जमीन बऱ्याच ठिकाणी आम्ल. गहू तिथे सहज पिकत नाही, ओट मात्र अशा हवेत खुशाल येतो. त्यामुळे शतकानुशतकं गरिबाचं अन्न तेच. चौदाव्या शतकातला फ्रेंच बखरकार फ्रुआसार स्कॉटिश सैनिकांबद्दल लिहितो की प्रत्येकाच्या खोगिराखाली एक लोखंडी पत्रा आणि मागे ओटच्या पिठाची पिशवी. मुक्काम पडला की पत्रा तापवायचा आणि त्यावर पातळ भाकरी भाजायची. सैन्याबरोबर रसदीच्या गाड्या नाहीत, त्यामुळे ते कुठल्या कुठे पोचत.

नंतरच्या काळात हेच पीठ मजुरी झालं. एकोणिसाव्या शतकात पूर्व आणि ईशान्य स्कॉटलंडात शेतावरच्या गड्यांना सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या कराराने ठेवत, आपल्याकडच्या सालगड्यांसारखं. पगाराचा काही भाग रोख आणि बाकी ओटचं पीठ, दूध. लग्न न झालेला गडी बॉथीत राहायचा, म्हणजे शेतावरच्या एका साध्या खोलीत सगळे गडी एकत्र. त्याचा ठरलेला हिस्सा आठवड्याला दोन पेक पीठ. आजच्या मापात जवळजवळ ८ किलो! वर्षाचं धरलं तर साडेसहा बोल, म्हणजे चारशे किलोंच्या वर. आठ किलो पीठ आठवडाभरात एका माणसाने खायचं हे वाचून थक्क व्हायला होतं, पण नांगरामागे दिवसभर चालणाऱ्या माणसाला दुसरं होतंच काय?

बॉथीतल्या पोरांना पॉरिज शिजवायलाही वेळ नसे. ते ब्रोज करत. लाकडी वाडग्यात पीठ आणि मीठ घ्यायचं, वरून उकळतं पाणी ओतायचं, चमच्याच्या दांड्याने ढवळायचं आणि दूध घालून खायचं. चुलीवर शिजवणं नाहीच. गुठळ्या राहतात, त्या तशाच खायच्या. सकाळी ब्रोज, दुपारी ब्रोज, रात्री ब्रोज. आज हॉटेलात व्हिस्की आणि मध घालून जे ॲथल ब्रोज मिळतं ते पेय आहे. नाव तेवढं एक, बॉथीशी त्याचा संबंध नाही.

घरोघरी पीठ साठवायला लाकडी पेटारा असे, गर्नल म्हणतात त्याला. पीठ त्यात दाबून दाबून भरायचं, आत हवा राहिली तर खवट होतं. (वर टेकडींनी लिहिलेलं चरबीचं कारण इथे लागू पडतं.) त्यासाठी लहान मुलांना पाय स्वच्छ धुऊन पेटाऱ्यात उतरवायचे आणि पीठ तुडवून घ्यायचे.

विद्यापीठांतही याची खूण होती. गरीब घरची मुलं घरून पिठाची गोणी घेऊन यायची आणि तेवढ्यावर सत्र काढायची. ती संपली की पुन्हा घरी जाऊन आणायला एक सोमवारची सुट्टी मिळे, तिचं नाव मील मंडे. एडिंबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज सगळीकडे ही सुट्टी होती. शिक्षणासाठी पाठीवर पीठ वाहून नेणाऱ्या त्या मुलांबद्दल मला फार आदर वाटतो.

अण्णा_सांगलीकर

उत्तम प्रतिसाद! मील मंडे मी ग्लासगोत फक्त ऐकलं होतं, कारण आज कळलं.

नीरजा_ठाणे

मी कुठेतरी वाचलं होतं की पॉरिज कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ओतून ठेवायचे आणि वडीसारखं कापून खायचे. हे खरं आहे का? आणि उभ्याने खातात तेही?

हरणटोळ

ड्रॉवरची गोष्ट इथे प्रत्येकजण सांगतो. आठवड्याचं पॉरिज एकदम शिजवायचं, ड्रॉवरमध्ये ओतायचं, थिजलं की तुकडे कापून शेतावर न्यायचे किंवा संध्याकाळी चरबीवर परतायचे. थंड पॉरिज अगदी कापण्याइतकं घट्ट होतं, तेव्हा करता येण्यासारखं आहेच. मी कापलेले तुकडे लोण्यावर परतून पाहिलेत, कडेने कुरकुरीत होतात, सुंदर लागतात.

टेकडी

पण नीरजाताई, ड्रॉवर सर्रास होता असं समजू नका. बहुतेकांच्या सांगण्यात ते दुसऱ्याच कोणाच्या तरी आजोबांच्या घरी घडलेलं असतं. उरलेलं पॉरिज थिजवून खाणं मात्र नक्कीच होतं, मग भांडं कुठलं का असेना. उभ्याने खाण्याचीही तीच गत. कोणी म्हणतात शेतावर जायची घाई, कोणी म्हणतात उभ्याने खाल्लं की नीट पचतं. माझ्या ओळखीत उभ्याने खाणारं कोणी नाही.

अण्णा_सांगलीकर

आमच्या घरमालकीणबाईंचे यजमान खायचे, खिडकीशी उभे राहून, हवामान बघत. तेव्हा 'कोणी नाही' असं म्हणू नका टेकडी :)

टेकडी

मग एक सापडले, आनंद आहे!

नाखवा

सगळे मीठ-साखरेवर अडलेत म्हणून सेंट किल्डाचं सांगतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिकमधलं बेट. तिथली माणसं कड्यांवरच्या समुद्रपक्ष्यांवर जगायची. पॉरिजला चव यावी म्हणून ते त्यात पफिन पक्षी शिजवत. जगणं अशक्य झालं तेव्हा २९ ऑगस्ट १९३० ला उरलेल्या सगळ्या रहिवाशांना तिथून हलवलं. आज तिथे पक्षी आणि मेंढ्या आहेत, गाव रिकामं आहे.

खलबत्ता

पफिन ऐकून आमच्या घरात साखरेचा पक्ष एकमताने जिंकला :)

मीनल_ए

किती सुंदर लिहिताय सगळे! जुनी_वही, तुमचा प्रतिसाद मी आजींना इंग्रजीत सांगितला. गर्नल म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या आईच्या माहेरी होता. ब्रोज त्यांना अजून आवडतं, पण त्या पीठ आधी कोरडंच थोडं भाजून घेतात. आणि त्यांनी एक नवीन नाव सांगितलं, सोअन्स. आंबट लागतं म्हणाल्या. ते काय आहे?

जुनी_वही

अरे वा, सोअन्स आठवणारं माणूस आता विरळा. दळताना ओटच्या कोंड्याला आतून जे पीठ चिकटून राहतं ते वाया घालवायचं नाही, यातून हा पदार्थ आला. तो कोंडा कोमट पाण्यात भिजवून चार-पाच दिवस, थंडीत आठवडाभरही, ठेवायचा. आंबला की गाळायचा. गाळलेलं पाणी स्थिर ठेवलं की तळाला पांढरा साका बसतो. वरचं आंबट पाणी पितात आणि साका पाणी-मीठ घालून दाट होईपर्यंत शिजवतात. तोच सोअन्स. ईशान्येकडे नाताळच्या आदल्या रात्री हा करायची पद्धत होती.

रानजाई

ही तर आपली आंबीलच की! नाचणीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी शिजवायचं. धान्य वेगळं आणि तिथे ताकाऐवजी नुसतं पाणी, बाकी आंबवून शिजवण्याची युक्ती तीच. माझ्या आजीच्या हातची आंबील पिऊन मोठी झालेली मी, मला सोअन्स नक्की आवडेल.

जुनी_वही

रानजाई, बरोबर. फक्त सोअन्स पिठाचा नसून गाळलेल्या कोंड्याचा, त्यामुळे तो जास्त गुळगुळीत, जवळजवळ खळीसारखा होतो.

चकलीचा_सोऱ्या

अवांतर: ऑर्कनीला गेलात तर बर्सेची बॅरनी मिल पाहाच. १८७३ ची पाणचक्की. तिथे बेअर नावाच्या फार जुन्या जवाचं पीठ दळतात. त्याच्या भाकऱ्या करड्या रंगाच्या आणि चवीला रांगड्या, मला पॉरिजपेक्षाही आवडल्या. आता ओटच्या विषयावर परत या.

नाखवा

येतो, आणि थेट कारब्रिजला येतो. केर्नगॉर्म डोंगरांतलं छोटं गाव, १७१७ सालच्या दगडी पुलासाठी प्रसिद्ध. १९९४ पासून तिथे पॉरिजची जागतिक स्पर्धा होते, बक्षीस सोनेरी स्पर्टल. दर ऑक्टोबरात, १० ऑक्टोबरच्या जागतिक पॉरिज दिनाच्या आसपास. मी इन्व्हरनेसला असताना पाहायला गेलो होतो. गावाच्या सभागृहात चुली मांडलेल्या, बाहेर बॅगपाइप वाजतेय, देशोदेशीची माणसं एप्रन लावून भांड्यात डोकावतायत.

तुमच्या मूळ वादाचा निकाल तिथल्या नियमातच आहे. मुख्य स्पर्धेत फक्त तीन वस्तू: प्रक्रिया न केलेली ओटची भरड, पाणी, मीठ. चपटे ओट्स चालत नाहीत, दूध चालत नाही. दुसरा गट वेगळा आहे, तिथे ओटची भरड वापरून गोड, तिखट, काय वाटेल ते करा. मला हे फार आवडलं. एकाच्या हट्टासाठी दुसऱ्याला हाकलून दिलेलं नाही. आणि मुख्य गटात तिघांचं पॉरिज चाखाल तर कळेल की तीनच वस्तूंतून किती वेगळी चव निघते. एकाचं सैल, एकाचं घट्ट, एकात मीठ जिभेवर रेंगाळणारं. सगळा खेळ भिजवणं, आच आणि हाताचा.

जागतिक पॉरिज दिन मेरीज मील्स या संस्थेसाठी सुरू झाला. मूळची स्कॉटलंडमधलीच संस्था, गरीब देशांतल्या शाळकरी मुलांना शाळेत जेवण देते. २००२ मध्ये मलावीत सुरुवात झाली. तिथे मुलांच्या मगात काय पडतं माहितीये? मका आणि सोयाबीनच्या पिठाचं पॉरिज.

हरणटोळ

नाखवा, +१. त्या शेवटच्या परिच्छेदासाठी खास.

डॉ_मेघ

आरोग्याचा प्रश्न कोणी विचारला नाही, तरी लिहितो, कारण रुग्ण रोज विचारतात. ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पॉरिजला जो बुळबुळीत दाटपणा येतो तो बराचसा त्याचाच. दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. त्यासाठी साधारण सत्तर ग्रॅम ओट लागतात, म्हणजे हरणटोळ यांच्या मापाने दोन मुठी.

मधुमेह असलेल्यांनी कण जेवढा जाड तेवढा घ्यावा. पिनहेड सावकाश पचतं, झटपट पाकिटातलं चुऱ्यासारखं पीठ भराभर साखर वाढवतं. मसाला घातलेल्या पाकिटांवरचं मिठाचं प्रमाण वाचून बघा, रक्तदाब असेल तर नक्कीच. या दृष्टीने तुमच्या आजींचं पॉरिज, वर साखर नाही आणि मीठ आपल्या हातात, मला सगळ्यांत पसंत आहे. क्रीम मात्र बेताने.

अण्णा_सांगलीकर

डॉक्टर, क्रीमवर हात ठेवू नका हो! बरं, निदान थंड दूध तरी.

डॉ_मेघ

दूध चालेल अण्णा :)

मीनल_ए

सगळं वाचून आता आमच्या घरी काय ठरलंय ते लिहिते. मध्यम भरड, त्यात थोडं पिनहेड. पिनहेड रात्रीच भिजवते, मध्यम भरड सकाळी आधणात वैरते. मिठाचं मी दोन्ही प्रकारे करून आजींना चाखायला दिलं. त्यांनी नंतर घातलेलं उचललं, नवऱ्याने आधी घातलेलं. तेव्हा अण्णा आणि हरणटोळ, हा वाद आमच्याही घरात सुखाने नांदेल. दुधाबद्दल आजींना सरळच विचारलं. त्या म्हणाल्या, लहान बाळाला आणि आजाऱ्याला दुधात शिजवतात, धडधाकट माणसाला कशाला? लेकीसाठी मात्र मी वरून थोडा मध घालते आणि आजी ते बघून काही म्हणत नाहीत.

सायली_डोंबिवली

मी चपट्या ओट्सचं मीठ-पाण्यात केलं, शेजारी थंड दूध ठेवलं. सासूबाईंना एकदम आवडलं, दुसऱ्या दिवशी त्यांनीच मागितलं. आता भरड करून बघायची आहे. इथे ती भारतात मिळते का? नाहीतर घरी करता येईल?

टेकडी

पोलादी पात्यांनी कापलेले ओट्स मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात, तेच पिनहेड. ते मिक्सरमध्ये थांबून थांबून, अगदी दोन-तीन वेळा फिरवा आणि पिठाच्या चाळणीने चाळा. वर राहील ती भरड, खाली पडेल ते ओटकेकला ठेवा. हे दुकानातले बहुधा वाफवलेले असतात, म्हणून भरड कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून घ्या. भट्टीची चव नाही येणार, पण बरीच जवळ जाईल. एका वेळी आठवड्यापुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

भाऊ_राहुरीकर

एक शंका. यंदा चाऱ्यातला एक वाफा न कापता दाण्यावर सोडला तर? घरच्या ओटचं पॉरिज करता येईल का?

टेकडी

भाऊ, दाणे भरतील, अडचण पुढे आहे. चाऱ्याच्या वाणांचं टरफल दाण्याला घट्ट धरून बसतं, गव्हासारखं मळणीत सुटत नाही. ते काढायला खास यंत्र लागतं. म्हणून तर स्कॉटलंडमध्ये ओटच्या गिरण्यांत दळायच्या जात्याआधी टरफल फोडायचं वेगळं जातं असे. ओटची एक बिनटरफली जात आहे, तिचा दाणा मळणीतच मोकळा होतो. ते बियाणं मिळालं तर घरच्या घरी जमेल.

भाऊ_राहुरीकर

समजलं. राहुरीला चारा पिकांवर काम करणारे ओळखीचे आहेत, त्यांना बिनटरफल्या बियाण्याचं विचारतो. मिळालं तर एक वाफा पेरतो आणि इथेच कळवतो. सायलीताई, दाणे आले तर किलोभर तुम्हालाही पाठवीन.